पालखीतला क्लॅम्प

रेणुकाने वॉशिंग मशीन लावलं आणि पहिल्या धुण्याचं पाणी मोरीत जायच्या ऐवजी शांतपणे स्वयंपाकघरात आलं. आधी ते शेगडीच्या ओट्याखालून फिरलं, मग तांदळाच्या डब्याला वळसा घालून माजघराच्या उंबऱ्याशी जरा थबकलं. रेणुकाने मशीनच्या मागे वाकून पाहिलं. पाणी बाहेर नेणारा पाइप भिंतीपाशीच संपला होता. पुढचा हातभर तुकडा कुणीतरी करवतीने इतका सरळ कापून नेला होता की कापणाऱ्याचं कौतुक वाटावं.

कापणारा मागच्या पडवीत होता.

"अहो, पाइप कुठं गेला?"

"आहे ना. वाया नाही गेला," दत्ताराम रेवाळे म्हणाले आणि त्यांनी पाइपाची एक बांगडी उचलून दाखवली. एका ठिकाणी ती चिरलेली होती. "ही अशी फाकवायची आणि लाकडावर सोडायची. सरस वाळेपर्यंत दोन फळ्या घट्ट धरून ठेवते. फुकटातला क्लॅम्प."

"फुकटातला," रेणुका म्हणाली. तिच्या पायांखालून पाणी आता पडवीत येत होतं. "माझा गहू भिजला."

दत्ताराम देवरूखच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक होते. निवृत्त झाल्यावर गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या आपल्या गावात परत आले आणि त्यांनी सुतारकाम मनावर घेतलं. सुतारकामात माणसाला दोनच हात असणं ही फार मोठी अडचण आहे. फळीला फळी चिकटवली की ती वाळेपर्यंत दाबून धरावी लागते आणि तेवढा वेळ धरणारी बायको जगात नसते. त्यासाठी क्लॅम्प लागतात. रत्नागिरीच्या बाजारात दत्तारामांनी लोखंडी क्लॅम्पची किंमत विचारली, तो परत जागेवर ठेवला आणि घरी येऊन मोबाइलवर घरगुती क्लॅम्प बनवायचे व्हिडिओ बघायला बसले.

त्यानंतर घरातली एकही वस्तू सुरक्षित राहिली नाही. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या झाल्या, कपडे वाळत घालायच्या दांडीच्या पाचरी झाल्या. सर्वांत मोठा आणि त्यांचा लाडका क्लॅम्प होता तो फणसाच्या लाकडाचा. दोन जाडजूड जबडे आणि त्यांतून आरपार गेलेल्या आटे पाडलेल्या दोन सळया. हातात घेतला तर वरवंट्याएवढा जड लागायचा. दिसायला हे सगळं झकास होतं. फक्त एकच खोट होती, यातला कुठलाही क्लॅम्प धरून बसत नसे. उन्हाने लाकूड आकसलं की जबडे सैल पडत आणि भर तिन्हीसांजेला, रेणुका दिवा लावत असताना, पडवीतून कर्र असा आवाज येई. कुणीतरी दात खातंय तसा. मग काहीतरी धप्पकन पडे.

"ते मला आवडत नाही," रेणुका म्हणायची.

"लाकूड आहे. आकसणार, फुगणार. त्यात न आवडण्यासारखं काय?"

"दिवसभर आकसत नाही. नेमकं दिवा लावतानाच आकसतं."

गावानेही दत्तारामांना मनमुराद हसून घेतलं होतं. त्यांनी शाळेला भेट दिलेलं स्टूल पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांसकट बसलं होतं. त्यामुळे शिमग्याच्या तोंडावर रामा गुरव जेव्हा घाटी चढून, घाम पुसत, आपणहून त्यांच्या पडवीत आला, तेव्हा दत्तारामांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून.

"दत्ताभाऊ, पालखीच्या कठड्याचा सांधा उघडलाय," रामा म्हणाला. "मेस्त्री मुंबयला डोळ्याचं आपरेशन करायला गेलाय. उद्या पालखी बाहेर काढायची आणि कठडा हातात येतोय. फोन केला तर मेस्त्री बोलला, दत्ताभाऊंकडं जा. त्यांच्याकडं ते चाप हायत."

"क्लॅम्प."

"तेच. देवीनं पण कौल दिलाय. पण एक हाय, खिळा नाय मारायचा. आपल्या वाघजाईच्या पालखीला लोखंड लागत नाय. आजपतूर लागलं नाय."

"खिळा कशाला? सरस लावतो आणि रातभर दाबून ठेवतो."

रामाने टेबलावरचे क्लॅम्प एकेक करून पाहिले. फणसाच्या क्लॅम्पवर त्याची नजर अडली. "ह्याला सळया हायत."

"सांधा मोठा असला तर हाच लागेल. पहाटे काढून घेतो."

"काढाच," रामा म्हणाला. "पालखी सजायच्या आत निघालं पायजे. सजल्यावर लोखंड आत राह्यलं तर..." त्याने वाक्य तिथंच सोडलं आणि खांद्यावरचा पंचा झटकून निघून गेला. पुढचं काय ते विचारायला दत्तारामांना सुचलं नाही. नंतर मात्र ते त्यांना सारखं सुचत राहिलं.

काम मात्र त्यांनी जीव ओतून केलं. देवळाच्या सभामंडपात पालखी ठेवलेली होती. ती त्या गावची दोन दांड्यांची, जुन्या शिवणीच्या लाकडाची पालखी. दत्ताराम तिच्यासमोर बसले, डावा कठडा तपासला, सरस भरला, पाइपाच्या बांगड्या चढवल्या, ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि सर्वांत शेवटी फणसाचा क्लॅम्प आतल्या बाजूने लावून त्याची नटं पिळली. ती पिळताना क्लॅम्पने कर्र केलं. रिकाम्या देवळात तो आवाज जरा जास्तच फिरला. दत्ताराम उठून भराभर घरी आले.

पहाटे ते वेळेवर पोचले यात शंका नाही. पण मानकरी त्यांच्याही आधी पोचले होते. ढोलवाले ढोल तापवत होते, बायका गजरे घेऊन उभ्या होत्या, आणि दत्तारामांनी क्लॅम्प सोडवायला घेतले तेवढ्यात वीज गेली. अंधारात हाताला लागेल ते सोडवून ते पिशवीत टाकत गेले. वीज आली तेव्हा रामा जरीचं कापड पालखीवर ओढून घेत होता आणि कुणीतरी दत्तारामांच्या कपाळाला गुलाल लावला. लोक म्हणाले, कठडा अगदी दगडासारखा झालाय. मुख्याध्यापकांनीसुद्धा हात मिळवला. दत्तारामांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत गावाने त्यांना पहिल्यांदाच आपल्यातला मानलं होतं.

पालखी पहिल्या घराच्या अंगणात टेकली तेव्हा पिशवी फारच हलकी लागतेय असं त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी आत हात घालून चाचपलं. बांगड्या होत्या, पट्ट्या होत्या, पाचरी होत्या. माडाच्या आडोशाला जाऊन त्यांनी रेणुकाला फोन लावला.

"अगो, पडवीत फणसाचा क्लॅम्प आहे काय बघ."

"नाही."

"बघून सांग."

"बघायला कशाला पाहिजे? काल तुम्हीच तो पोटाशी धरून नेलात. पाइपाचे आहेत म्हणा, माझ्या मशीनच्या." जरा थांबून तिने विचारलं, "काय झालं? आवाज असा का येतोय?"

"काही नाही. ढोल आहे ना, त्याचा," दत्ताराम म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पालखी उठली. नितेश पानगले आणि आणखी तिघे तरणेबांड खांदेकरी, नितेश पुढच्या उजव्या दांड्याला. ढोल घुमला, पालखी नाचली आणि हळूच डावीकडे कलली.

दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दत्ताराम मात्र जागीच थबकले. त्यांनी आयुष्यभर मुलांना तराजूचे प्रयोग मांडून दिले होते. एका बाजूला वजन जास्त झालं की त्या बाजूला काय होतं, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. डावा कठडा, फणसाचा क्लॅम्प, लोखंडी सळया. पालखी कलणार आणि खांदेकरी कलत्या बाजूला ओढले जाणार. गणित इतकं सोपं होतं की त्यांना घाम फुटला.

आणि तसंच होत गेलं. वाटेत पालखी डाव्या गटारात उतरता उतरता वाचली. पुढं तिने एका मोटारसायकलला आडवं केलं. मग सरपंचांचं घर आलं. सरपंचांनी अंगणात मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, रत्नागिरीहून फोटोवाला आणला होता. पालखी मांडवाच्या तोंडापर्यंत गेली, थबकली आणि डावीकडे वळून सरळ सरपंचांच्या गोठ्यात शिरली. म्हैस दचकून उठली. फोटोवाल्याने सवयीने फोटो काढला.

"देवीला गोठा बघायचा होता," कुणीतरी म्हणालं.

"लक्ष्मी तिथंच असते ना," सरपंचांनी कसंबसं हसत म्हटलं आणि गोठ्यातच नारळ फोडला.

लोक हसले, पण ते हसू लगेच विरलं. खांदेकऱ्यांचे चेहरे उतरले होते. ढोलाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, जरीच्या कापडाखालून, दत्तारामांना तो आवाज आला. कर्र. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकलेलं दिसत नव्हतं. रामा गुरव मात्र क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

दत्ताराम धावत त्याच्याजवळ गेले. "रामा, कठडा जरा बघू काय? सांधा ताजा आहे."

"आता हात नाय लावायचा."

"नुसता वरून."

"दत्ताभाऊ, देवी बसल्ये आत," रामा हळू आवाजात म्हणाला. "आज ती मनानं चालल्ये. माझ्या बापाच्या वेळी एकदा अशी चाललेली, ते मी ऐकलाय. मधी हात घालू नका."

मनाने कसली, वजनाने चाललीय, असं दत्तारामांच्या अगदी ओठावर आलं. पण ते बोलायचं म्हणजे पालखीत लोखंड आहे हेही बोलावं लागणार. सकाळीच कपाळावर लागलेला गुलाल घामाबरोबर नाकावर उतरला होता. तो पुसावा की नाही हेही त्यांना ठरवता येईना.

उन्हं कलली तसं सगळे सड्यावर आले. तिथं झाड नाही, सावली नाही, नुसता काळा पडलेला जांभा दगड आणि त्यावरून घोंगावणारा वारा. ढोल एकाएकी थांबला. ढोलवाला म्हणाला, हात भरून आला. पण तो मनगट चोळत पालखीकडे ज्या नजरेने बघत होता, ती दत्तारामांना आवडली नाही. ढोलाविना मिरवणूक पुढे सरकू लागली आणि मग चपलांचे आवाज आणि कापडाखालचा तो आवाज, एवढंच उरलं.

पुढे वाट फुटत होती. उजवीकडची वाट देवळाकडे जाणारी. डावीकडची आप्पांच्या घराकडे.

आप्पा रेवाळे म्हणजे दत्तारामांचे थोरले चुलतभाऊ. बऱ्याच वर्षांपूर्वी गावाला नवा रस्ता काढायचा होता आणि आप्पांच्या अंगणाचा दगडी गडगा मधे येत होता. आप्पांनी तो पाडायला नकार दिला, गावकीच्या बैठकीत शब्दाला शब्द लागला आणि पालखी त्यांच्या दारात जायची बंद झाली. आप्पाही कमी नव्हते. भर बैठकीत म्हणाले, "देवी आपणहून आली तर दार उघडं हाय. तुमच्या मेहेरबानीनं यायची असेल तर नको." तेव्हापासून दर शिमग्याला पालखी त्या फाट्यावर उजवीकडे वळायची. आणि दर शिमग्याला आप्पांची बायको गंगुबाई ओटीचं ताट तयार करून गडग्याआड उभी राहायची आणि पालखी वळली की ताट घेऊन आत जायची. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे. दत्ताराम तर फाटा आला की दुसरीकडेच बघत.

आज त्यांनी बघितलं. गंगुवहिनी उभी होती. पदर डोक्यावर, हातात ताट.

पालखी फाट्यावर आली आणि थांबली. खांदेकऱ्यांनी पाऊल उचललं, पण ते पडेना. नितेशच्या मानेच्या शिरा दिसू लागल्या.

"उजवीकडं, उजवीकडं घ्या," मागून सरपंच म्हणाले.

"घेतोय," नितेश दातओठ खात म्हणाला. "येत नाय."

वारा पडला. पालखी डावीकडे कलली, आणखी कलली, इतकी की आता पडते की काय असं वाटलं. मग चारही जण त्या वाटेने ओढल्यासारखे गेले. अंगात आलेल्यासारखे मुळीच नाहीत. शाळेतल्या पोराला कानाला धरून न्यावं तसे.

गडग्याचं बेडं उघडायला गंगुबाईने ताट खाली ठेवलं, पण घाईत बेड्याचा बांबू तिला सरकवेना. शेवटी आतून आप्पा आले. अंगात बनियन, एका गालावर दाढीचा फेस, दुसरा गाल तुळतुळीत. त्यांनी बांबू ओढला, बाजूला उभे राहिले आणि पालखी अंगणात येऊन टेकली.

"कुणी बोलावली?" आप्पांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच तुसडा होता, पण तो शेवटी फुटला.

"कुणी नाय," रामा गुरव म्हणाला. "आमी उजवीकडं नेत होतो."

आप्पांनी गावकीच्या एकेका माणसाकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग आप्पांनी पालखीपुढं दोन्ही हात जोडले आणि फेस असलेला गाल जमिनीला टेकवला. गंगुबाई नुसती रडत होती, आवाज न करता, इतक्या वर्षांचं एकदम. सरपंचांनी आप्पांना हाताला धरून उठवलं आणि म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं आप्पा." आणि आप्पांनी तो हात झटकला नाही.

दत्तारामांना आनंद व्हायला हवा होता. पण त्याआधीच भीती येऊन बसली होती. आता त्यांची अब्रू गेली तरी चालण्यासारखं होतं. लोक हसले असते, दंड लावला असता, पुन्हा कुणी स्टूलसुद्धा दुरुस्त करायला दिलं नसतं. पण कापडाखाली क्लॅम्प निघाला, तर गंगुवहिनीच्या दारी देवी आली नव्हती, फणसाच्या लाकडाचं वजन आलं होतं, असं होणार होतं. तिच्या तोंडावर हे कोण सांगणार? आणि आता ती देवीला साडी नेसवणार, रामा ती साडी कठड्याशी खोवणार, म्हणजे त्याचा हात आत जाणारच.

बायका ओटी भरायला पुढे सरकल्या, पुरुष पाणी प्यायला पडवीत गेले. दत्ताराम पालखीला नमस्कार करायच्या मिषाने वाकले. डाव्या बाजूला जाऊन त्यांनी जरीच्या कापडाखाली हात घातला.

गुळगुळीत लाकूड. त्यांनी हात पुढे सरकवला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नुसतं गुळगुळीत लाकूड होतं. क्लॅम्प नव्हता. सरसाचा ओघळ नव्हता. या कठड्याचा सांधा उघडलेलाच नव्हता, कधी उघडला असेल असंही वाटत नव्हतं.

त्यांच्या कानशिलातून एक थंड कळ गेली. काल आपण पालखीच्या समोर बसलो होतो. तिचं तोंड आपल्याकडे. समोर बसणाऱ्याचा डावा हात म्हणजे देवीचा उजवा. इतकी साधी चूक त्यांच्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या पोरानेही केली नसती.

ते गुडघ्यांवरच सरकत उजव्या बाजूला आले आणि हात घातला. बोटं सळईवर पडली. दिवसभर उन्हातून फिरलेली पालखी, पण सळई विहिरीतून काढलेल्या कळशीसारखी गार होती.

म्हणजे वजन सकाळपासून उजवीकडे होतं. आणि पालखी सकाळपासून डावीकडे जात होती.

हा हिशेब त्यांनी पुन्हा मांडून पाहिला. तो पुन्हा तसाच आला. मग त्यांनी विचार करणं सोडून नट उलटं पिळायला घेतलं. नट हलेना. ज्यांचा एकही क्लॅम्प आजवर तिन्हीसांजेपर्यंत टिकला नव्हता, त्या दत्ताराम रेवाळ्यांचा हा क्लॅम्प आज असा धरून बसला होता की त्यांच्या बोटांची सालटं निघाली.

"सरा जरा, दत्ताभाऊ."

रामा गुरव हिरवी साडी घेऊन उभा होता. दत्ताराम सरले नाहीत. रामाने वाकून त्यांच्या हाताशेजारूनच आपला हात आत सरकवला आणि थांबला. दोघांचे चेहरे इतके जवळ होते की रामाच्या भुवईवरचा घाम दत्तारामांना दिसत होता.

"लोखंड हाय," रामा ओठ न हलवता म्हणाला.

"व्हय."

"सकाळपासून?"

"व्हय. वीज गेली तेव्हा राहिलं. रामा, माझी चूक आहे. पण वहिनीला कळू देऊ नको. वजनानं आली म्हणतील."

"वजनानं?" रामाने हाताने क्लॅम्प जोखला. त्याने पालखीकडे पाहिलं, मग फाट्याच्या वाटेकडे, मग पुन्हा पालखीकडे. त्याचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. "हे तर उजवीकडं हाय."

"व्हय."

रामाने हिरव्या साडीची घडी क्लॅम्पवरून नीट पसरली, काठ खोवला, आणि लोखंडाचा कणही दिसणार नाही असं वरून कापड ओढलं.

"देवळात गेल्यावर दार लावून काढू," तो म्हणाला. "तोपतूर गप ऱ्हावा. मी पण गप ऱ्हातो."

गंगुबाई ताट घेऊन आली. तिने देवीच्या पायांवर हळदकुंकू वाहिलं आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एक बोट दत्तारामांच्याही कपाळाला लावलं. "भावजी, कठडा तुमी केलात म्हणं. बरं केलात. माझ्या दारी यायच्या वर्षाला पालखी धड हवी होती." दत्तारामांनी वाकून तिच्या पायांना हात लावला.

तिन्हीसांजा झाल्या. पालखी उचलायची वेळ आली. मागच्या उजव्या दांड्याच्या पोराला पेटका आला होता, तो पाय चोळत पायरीवर बसला.

"दत्ता, खांदा दे," आप्पा म्हणाले. दोन्ही गाल आता तुळतुळीत होते.

नाही म्हणायला जागा नव्हती. दत्ताराम उजव्या दांड्याखाली गेले. बरोब्बर क्लॅम्पच्या बाजूला. मनात वजनाचा हिशेब करून त्यांनी गुडघे वाकवले, श्वास धरला, पाठ कडक केली. त्यांच्यापुढं नितेश होता.

"काका, सांभाळून," तो मागे न बघता म्हणाला. "दिवसभर मी जीव खाऊन उजवीकडं रेटतोय. आप्पांकडं नेली तर गावकी दंड घेईल म्हणून. तरी हितंच आली."

ढोलावर पहिला ठोका पडला. चौघे उठले. दत्तारामांनी सगळी ताकद लावली आणि ते जवळजवळ उडालेच. दांडा त्यांच्या खांद्याला टेकला होता, लाकूड मानेला लागत होतं, पण त्यात वजन म्हणून नव्हतं. काठीचंसुद्धा नव्हतं. त्यांनी डावीकडच्या दोघांकडे पाहिलं. तेही एकमेकांकडेच बघत होते.

"नितेश," दत्ताराम हळूच म्हणाले, "सगळा भार तू घेतलायस काय रे?"



"मला वाटलं, तुमी घेतलात," नितेश म्हणाला.